कोळ्याचा आठवा पाय

संग्रहालयाच्या तळघरात बाबांना सगळे सुईमास्तर म्हणत. दगडात रुतलेले जुने जीव सुईने कणकण कोरून मोकळे करायचे, हे त्यांचं जन्मभराचं काम. जीभ मात्र सुईहून धारदार. "दगडानं कोट्यवधी वर्षं सांभाळलं, तुला दुपारभर सांभाळवत नाही?" हे ऐकून भलेभले शिकाऊ पळाले. एकटी लेक टिकली, कारण ती हेच ऐकत लहानाची मोठी झाली होती.

दगडातला हा कोळी बाबांनी स्वतः खाणीतून आणलेला. चांगला तळहाताएवढा, पायांवर काट्यांच्या रांगा. अशी जात आजवर कुणाच्या पाहण्यात नव्हती, आणि जिवंत तर कुठेच उरलेली नव्हती. पोट आणि निम्मे पाय मोकळे झाले न झाले तोच बाबांनी अंथरूण धरलं. पाठोपाठ नजरही गेली.

"आठही पाय निघाले की घेऊन ये," ते लेकीला म्हणाले. "बोटांनी बघेन."

सात निघाले. आठवा अर्धा दगडातच होता, तेव्हा दवाखान्यातून धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, असशील तशी निघ. डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही."

निघायला हवं होतं. पण बाबांचं एवढं एकच मागणं, ते अर्धवट कसं न्यायचं? तिने पुन्हा सुई उचलली. बाबा तिथे असते तर अशा घाईत त्यांनी ती हातातून काढूनच घेतली असती. सुई घसरली आणि पायाच्या टोकाचा भुगा झाला. नवी जात ठरायला सात पाय पुरेसे होते. बाबांना नव्हते.

दगड रुमालात गुंडाळून ती धावली. बाबांच्या कुशीशी ठेवला. त्यांची बोटं काट्यांवरून सावकाश फिरली, एकेक पाय चाचपत आठव्यावर आली, आणि जिथे तुटला होता नेमकी तिथेच थांबली. तिने मान खाली घातली. बाबांनी तिची एकही चूक आजवर पोटात घातली नव्हती.

"झकास," बाबा म्हणाले. "अख्खा निघाला."

तिला हुंदका आवरेना. एवढं कौतुक झालं आणि ताई रडते कशाला, भावाला कळेना.

"बाबा," ती म्हणाली, "ओरडा ना माझ्यावर."

बाबांनी तिची बोटं चाचपून मुठीत घेतली. ओरडले मात्र नाहीत.