किंकाळीबाईचं सफरचंद

"दार नीट लागलं नाही, ताई," दिग्दर्शक काचेपलीकडून माइकवर म्हणाला. "घरघर येतेय बाहेरची."

दार लागलं नव्हतं, कारण बाईने त्याच्या फटीत स्वतःची चप्पल अडकवून ठेवली होती. डबिंगच्या खोलीचं दार ते, वीतभर जाड. एकदा बसलं की बाहेर आकाश कोसळलं तरी आत पत्ता लागत नाही.

"राहू द्या तसंच," टकल्या म्हणाला. टकल्या म्हणजे मशीनवर बसणारा माणूस. बाईला तो वीस वर्षं ओळखत होता. "एसी बंद करतो. बाकीचं मी नंतर साफ करतो."

दिग्दर्शकाने नाक मुरडलं. बाईने काचेतून त्याच्याकडे पाहिलं आणि तिला त्याचा वीट आला. दाराचं सोडा, पण दर वाक्याला 'ताई' कशाला? तिला ताई म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

बाईचा धंदा किंचाळण्याचा होता. मालिकांतल्या नट्या दिसायला छान, पण किंचाळायला लागल्या की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारख्या. म्हणून त्यांच्या किंकाळ्या, हुंदके, उचक्या, बाळंतकळा सगळं बाई करायची. स्टुडिओत तिला किंकाळीबाई म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडायचं. "निम्म्या नट्यांची बाळंतपणं मीच केलीत," असं ती ऐटीत सांगायची. माइकसमोर जाण्याआधी कानातलं काढायचं, म्हणजे किणकिण होत नाही, आणि अर्धं आंबट सफरचंद खायचं, म्हणजे तोंडाची चिकचिक माइकमध्ये जात नाही, एवढीच तिची तयारी. उरलेलं अर्धं धाकटीचं. धाकटी बहीण शेजारच्याच गल्लीत राहायची. वेळ मिळेल तेव्हा ताईबरोबर यायची, टकल्याशेजारी स्टुलावर बसून अर्धं सफरचंद खायची आणि ताई काचेपलीकडे गळा काढून रडत असताना पोट धरून हसायची.

दोन वर्षांपूर्वी दोघी बसस्थानकाच्या वेटिंगरूममध्ये बसल्या होत्या. समोरच्या बाकाखाली कोणीतरी बॅग ठेवून गेलं होतं. छत खाली आलं, दार आतल्या आत चेपलं. धाकटी दोन हातांवर, सिमेंटच्या तुकड्याखाली होती. लोक धावत आले ते आवाजाच्या दिशेने, आणि जे ओरडत होते त्यांना आधी काढलं. बाईने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. संध्याकाळी बाहेर काढलं तेव्हा बाई जिवंत होती, धाकटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा संघटनेने पत्रक काढून जबाबदारी स्वीकारली. बाईला या शब्दाची किळस आली ती आजतागायत गेलेली नाही. जबाबदारी म्हणे! धाकटीची पोरगी पुढच्याच महिन्यात तापाने फणफणली, तेव्हा या जबाबदार माणसांपैकी एकही उशाशी बसायला फिरकला नाही. तिथे बाईच बसली होती. पोरीचा बाप, म्हणजे धाकटीचा नवरा, दवाखान्यात तिला सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एवढ्या ओरडणाऱ्या बाई तुम्ही. एक हाक मारता आली नाही?"

समुपदेशक बाईंनी समजावलं होतं, की घशात चुना गेला होता, शिवाय अशा वेळी शरीर गोठतं, यात तुमची चूक नाही. बाईला ते पटलं होतं. पटलं म्हणून न्हाणीघराचं दार काही लावता येईना. बाईचा नवरा बिचारा पॅसेजमध्ये पाठ करून पेपर वाचत बसायचा, आणि मग तिची आंघोळ व्हायची.

आजचं काम दोन वर्षांनंतरचं पहिलं. बाईनेच टकल्याला बजावलं होतं, "आज जमलं तर जमलं. नाही जमलं तर पुन्हा मला फोन करायचा नाही. दयेवर किंचाळायची नाही मी." काम कसलं आहे हे सांगताना टकल्या फोनवर चाचरला होता. मालिका बॉम्बस्फोटाची होती. ढिगाऱ्याखालची नायिका किंचाळते, ती ऐकून नायक तिला शोधतो. तिच्या मनावर परिणाम होतो. तिसऱ्या भागात नायक मिठी मारतो, आणि ती बरी होते. गोवरसुद्धा इतक्या लवकर बरा होत नाही.

पडद्यावर नायिका दगडांखाली पडली होती. ओठांची लाली जागच्या जागी होती आणि गालावर काजळाएवढी धूळ. बाईने अर्धं सफरचंद खाल्लं. दुसरं अर्धं टकल्याने जुन्या सवयीने कापून स्टुलावर ठेवलं होतं. ते दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही तिकडे बघत नव्हते.

बाईने किंकाळी फोडली, एका दमात, वर चढवून शेवटी तोडलेली. वीस वर्षांचा हात होता तो. निघेल की नाही म्हणून तिला रात्रभर झोप नव्हती, आणि निघाली नळाच्या पाण्यासारखी. तिला स्वतःचीच शिसारी आली. हवी होती तेव्हा कुठे मेली होतीस?

दिग्दर्शकाने टाळ्या वाजवल्या. "तांत्रिकदृष्ट्या छान, ताई. पण आतून नाही आलं." बोलता बोलता त्याने स्टुलावरचं अर्धं सफरचंद उचललं आणि कचकन चावा घेतला. टकल्याचा हात पुढे आला आणि तसाच राहिला. "तुमच्याबद्दल कळलंय मला. म्हणून तर मुद्दाम तुम्हाला बोलावलं. ते सगळं वापरा ना! तुमच्याकडे खरं मटेरियल आहे." रस हनुवटीवरून ओघळला, तो त्याने मनगटाने पुसला. "आणि दार लावायलाच हवं. जमत नसेल तर मोकळेपणाने सांगा, खाली दुसरी बसलीय."

 बाईला क्षणभर वाटलं, याच्या अंगावरच ओकावं. मग ती वाकली, फटीतली चप्पल काढून पायात घातली आणि दार स्वतः ओढून घेतलं.

"बाई, नको," टकल्या काचेपलीकडे म्हणाला. तिला फक्त त्याचे ओठ दिसले.

आत काही ऐकू येईना. जिभेवर चुन्याची चव आली.  कागदावर 'वाचवा' असं लिहिलं होतं. तिने कागदाकडे पाहिलंच नाही.

"छबडे!"

धाकटीला घरात छबडी म्हणत. पहिली हाक अर्ध्यातच फाटली. दुसरी पोटातून आली. तिसरी हाक नव्हतीच, नुसता आवाज होता, चिरका, घाणेरडा, शेवटी गुळण्या केल्यासारखा. असा आवाज दुसऱ्या कोणी काढला असता तर बाईनेच हसून बाद केला असता. टकल्याने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले होते.

बाईने दार उघडलं तेव्हा दिग्दर्शक उभाच होता. "हेच! हेच तर हवं होतं! ते नाव तेवढं पुसू, किंकाळी ठेवू."

"पहिली तुमची," बाई म्हणाली. "ही नाही."

"असं कसं, ताई? स्टुडिओ मी घेतलाय."

"मला ताई म्हणू नका." ती टकल्याकडे वळली. "पूस ते."

 टकल्याने बटण दाबलं, मशीनने खात्री विचारली, त्याने पुन्हा दाबलं.

दिग्दर्शक लालबुंद झाला. "ठीक आहे. खालच्या बाईकडून करून घेतो मी."

"घ्या ना. छान किंचाळते ती. मीच शिकवलंय तिला."

तो पाय आपटत गेला. सफरचंदाचा उष्टा गाभा मशीनवर तसाच टाकून गेला. टकल्याने तो कागदात गुंडाळला, खालची ओल पुसली, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिला. बाई कानातलं घालत होती. कानाचं भोक सापडत नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "उद्या सकाळी कार्टून आहे. कोल्हीण आहे एक, विहिरीत पडते."

"वाचते का?"

"वाचते. लहान मुलांचं आहे."

"येते मग."

"सफरचंद आणून ठेवतो."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "उरलेलं अर्धं तू खात जा," ती म्हणाली.

घसा इतका बसला होता की त्याला ऐकूच गेलं नाही. "काय म्हणालात?"

बाई परत आली, स्टुलावर बसली आणि पुन्हा सांगितलं.