टोपावरचं नाव

सुगंधाने मुलुंडला स्वतःच्या नावावर खोली घेतली, त्याने म्हणे दशरथचं नाक कापलं गेलं. नवरा मारतो म्हणून पाच वर्षांपूर्वी ती माहेरी आली, तेव्हा या थोरल्या भावाचं नाक कुठे होतं देव जाणे. तेव्हा त्याने तिला आठ दिवसांत परत धाडायचं ठरवलं होतं. ती गेली नाही. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली, मैत्रिणीकडे राहिली आणि आता हे घर. तर तिच्या घरभरणीला माहेरचं कुणी जायचं नाही, असा दशरथने हुकूम काढला.

मधली बहीण रत्नप्रभा घाटकोपरला. तिचा नवरा जयवंत संपानंतर घरीच बसून होता. गिरणी गेली, पण साच्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय काही गेली नाही.

"जायचं तर तुझी तू जा," तो म्हणाला. "पण भेटीच्या भांड्यावर माझं नाव घातलंस तर याद राख. दशरथला काय तोंड दाखवू मी?"

"बरं," रत्नप्रभा म्हणाली. वीस डबे भरायचे होते, घर त्या डब्यांवर चाललं होतं, आणि भांडायला तिला फुरसत नव्हती. पण राग डोक्यात गेला होता. माहेरचं एकही माणूस दारात दिसलं नाही, तर नव्या शेजारात त्या पोरीला काय मान राहणार?

दुपारी ती बाजारात भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदाराने लगेच फुलाफुलांचा लेमन सेट पुढे केला.

"शोकेसमध्ये झकास दिसेल, ताई."

"तिच्याकडे शोकेस नाय. स्टोव्ह आहे. टोप दाखवा."

डबे करणाऱ्या बाईला भांडं विकणं सोपं नव्हे. तिने एकेक टोप उचलून तोलला, बुडावर टिचकी मारली, काठावरून अंगठा फिरवला. पातळ बुडाचे तीन तिने बाजूला सारले. अशात भात लागतो आणि घासून घासून बाईचे हात जातात. शेवटी एक जाड बुडाचा, दहा माणसांचा भात होईल असा टोप तिने पुढ्यात ओढला. वर बसतं झाकण, एक झारा आणि खोबरं खवायला विळी.

"घरात माणसं किती?" दुकानदाराने विचारलं.

"एक."

"मग एवढा मोठा कशाला?"

"एकटी आहे म्हणून तिने जन्मभर वाटीत शिजवायचं काय? तिच्याकडे माणसं येतील. मी येईन."

दुकानाच्या पायरीवर धाकू नावाचा म्हातारा विजेच्या सुईने भांड्यांवर नावं घालत बसला होता. त्याने टोप मांडीत घेतला.

"बोला. कुणाला भेट?"

"सुगंधा."

"सुगंधा काय? नवऱ्याचं नाव सांगा. नायतर बापाचं."

"नुसतं सुगंधा."

"असं कोण घालतं का, बाय? कुणाची सुगंधा?"

"कुणाची नाय. घर तिचं आहे. घाला."

धाकूने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षं तो सौभाग्यवती अमुक तमुक कोरत आला होता. "आणि कुणाकडून?"

"रत्नप्रभाकडून. तेही नुसतंच. वर काठाजवळ नको. पोटावर घाला, मोठ्या अक्षरात."

सुई घरघरू लागली. रत्नप्रभा शेवटच्या अक्षरापर्यंत तिथेच उभी राहिली.

घरी जयवंतने टोप हातात घेऊन वाचला, मग फिरवून पुन्हा वाचला.

"आणि मी काय मेलो? लोक काय म्हणतील?"

"तुम्हीच म्हणालात, नाव घालू नको."

"हे घेऊन गेलीस तर परत या घरात पाऊल टाकू नकोस!"

"ठीक. मग उद्याचे वीस डबे तुम्ही करा. डाळ भिजत घातलीय, पहाटे चारला उठावं लागतं." ती निघाली. तिला थोडी भीती वाटत होती, नाही असं नाही. पण पाय मागे वळले नाहीत.

जोडप्याशिवाय पूजा कशी सांगायची, असं भटजी म्हणाले होते, म्हणून सुगंधाने पूजाच ठेवली नव्हती. दूध उतू घालायचं आणि शेजाऱ्यांना जेवू घालायचं, एवढंच. कंपनीतल्या चार बायका आणि शेजारच्या तिघी दाटीवाटीने बसल्या होत्या. ताई दारात दिसली तशी सुगंधा जागची हलेना. रत्नप्रभाने टोप तिच्या हातात दिला. सुगंधाने नावावरून बोट फिरवलं आणि तिला रडू फुटलं. माहेरच्या भांड्यांवर दादाचं नाव होतं, सासरच्यांवर नवऱ्याचं. स्वतःचं नाव तिने भांड्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

"रडतेस काय? दूध आण," रत्नप्रभा म्हणाली.

टोप धुऊन स्टोव्हवर चढला, नावाची बाजू बायकांकडे करून. शेजारच्या जानकीबाईंनी वाकून वाचलं. "रत्नप्रभा कोण हो?"

आजवर असं कुणी विचारलं की रत्नप्रभा सांगायची, जयवंतची बायको, दशरथची बहीण. तिने स्टोव्हला दोन पंप मारले. दूध वर चढू लागलं होतं.

"मी," ती म्हणाली.