चार इंच खाली

मार्चमध्ये एलोइसाच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. मे उजाडेपर्यंत ती काठी टाकून अंगणात हिंडायला लागली, कोंबड्यांना दाणे घालायला लागली, तव्यापाशी उभी राहून तॉर्तिया भाजायला लागली. एकच गोष्ट तिला जमेना, ती म्हणजे नवऱ्याच्या उंच पिकअपमध्ये चढणं.

त्रुचास गावाच्या वरच्या रानात सरपण आणायला ही दोघं चाळीस वर्षं बरोबर जात आलेली. बेलार्मिनो करवत चालवायचा, ती फांद्या ओढायची, आणि जाता-येता दोघांचं कशावरून तरी वाजत राहायचं. बेलार्मिनोनं तिच्यासाठी लाकडी चौरंग ठोकला. तिनं त्यावर पाय ठेवला आणि खडीवर चौरंग कलंडला. दाराला धरलं म्हणून ती पडली नाही, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू जा," ती म्हणाली. "मी थांबते घरी."

तो दोनदा एकटा जाऊन आला. दुसऱ्या खेपेला गाडी अर्धीच भरून आली. लाकडाला तोटा नव्हता, पण याचाच हात चालला नव्हता.

आता एकच माणूस उपयोगाचा होता, आणि नेमकं त्याच्याकडे जायला बेलार्मिनोचा पाय उचलत नव्हता. एलोइसाचा धाकटा भाऊ ओनेसिमो. एस्पान्योला गावात त्याचं गॅरेज, आणि गाड्यांची उंची कमी करून त्या जमिनीलगत बसवण्यात साऱ्या खोऱ्यात त्याचं नाव. या ओनेसिमोच्या मुलीच्या लग्नात, भरल्या टेबलावर, बेलार्मिनो बोलून गेला होता, "जी गाडी ओझं वाहत नाही आणि पोटानं सरपटते, तिला गाडी कशाला म्हणायचं?" सगळे हसले होते. ओनेसिमो हसला नव्हता.

शनिवारी सकाळी बेलार्मिनोनं गाडी त्याच्या दारात उभी केली. ओनेसिमो हात पुसत बाहेर आला.

"या दाजी. वाट चुकलात का?"

"गाडी खाली घ्यायची आहे."

ओनेसिमोनं फडकं खांद्यावर टाकलं. "परत बोला जरा. माझा हा कान कमी ऐकतो."

"ऐकलंस तू. एलोइसाला चढता येत नाही."

हे ऐकल्यावर ओनेसिमोची थट्टा तिथंच आटली. तो सरळ गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलू लागला.

"सोपा मार्ग म्हणजे पुढच्या स्प्रिंगा कापायच्या. पण कापलेली स्प्रिंग दगडासारखी होते. प्रत्येक खड्डा ताईच्या खुब्यात जाईल. ते मी करणार नाही."

"मग?"

"पुढं स्पिंडल बदलू. ज्यावर चाक बसतं ना, तो भाग. नव्यात चाक वर बसतं, म्हणून गाडी खाली येते. स्प्रिंग जुनीच, त्यामुळं चाल बदलत नाही. मागं पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. सध्या अ‍ॅक्सल पाट्याखाली आहे, तो वर घेतला की गाडी सहा इंच खाली. चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जरा खाच मारावी लागेल, नाहीतर अ‍ॅक्सल आपटेल. अशी बसेल दाजी, की लोक वळून बघतील."

"लोकांना नाही बसायचं तिच्यात."

ओनेसिमो बाहेर आला, उठून बसला. "बरं. ताई पाय किती उचलते?"

चाळीस वर्षांच्या संसारात हे बेलार्मिनोनं कधी मोजलं नव्हतं.

"मापाशिवाय मी पाना लावत नाही. मोजून या."

घरी आल्यावर त्यानं मोजपट्टी काढली, आणि एलोइसा मागच्या पायऱ्या चढत असताना तो तिच्या मागं वाकला. तिनं वळून पाहिलं.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"माझ्या टाचेला फूटपट्टी लावून काही नाही?"

त्याला सगळं सांगावं लागलं. ती पायरीवर बसली. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. पण ती म्हणाली, "ओनेसिमोकडं तू आपणहून गेलास?"

"गेलो."

"आणि मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. उद्या मलाही ने."

रविवारी प्रार्थनेनंतर एलोइसा आपल्या मुलीच्या गाडीतून आणि बेलार्मिनो पिकअप घेऊन, अशी दोघं गॅरेजवर आली. ओनेसिमोनं आपली स्वतःची पिकअप दारात आणली, जांभळी, जमिनीला टेकायला आलेली. "बस ताई. बघ कसं वाटतं."

एलोइसा सहज आत बसली. भावाचा चेहरा फुलला. पण उतरायची वेळ आली तेव्हा तिचे गुडघे वर आणि कंबर खाली, आणि हात टेकायला काही नाही. दोनदा तिनं जोर लावला, दोनदा परत बसली. शेवटी दोघांनी दोन्हीकडून धरून तिला उठवलं. ती ओठ दाबून उभी राहिली.

"डॉक्टरांनी बजावलंय," ती म्हणाली, "कंबर गुडघ्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. यातून मी घरी पोचेन, पण दारात बसून राहीन."

ओनेसिमो खजील झाला. "ताई, मला हे सुचायला हवं होतं."

मग तिनं बेलार्मिनोच्या पिकअपच्या दाराखाली टाकायला फळ्या मागवल्या. एकीवर एक ठेवत, दाराची चौकट धरून पाय टाकत, ती स्वतः माप ठरवत गेली. एक फळी जास्त झाली, ती काढली. पुन्हा पाय टाकला. "इथं. याच्या वर नको, खालीही नको."

बेलार्मिनोनं फळ्यांचा थर मोजला. चार इंच, म्हणजे गाडी तेवढीच खाली घ्यायची.

"चारला अ‍ॅक्सल हलवायला नको," ओनेसिमो म्हणाला. "मागच्या पाट्यांचे टांगणारे भाग बदलले की झालं. पुढं स्पिंडल आणि जरा आखूड स्प्रिंग, कापलेली नव्हे, तयार. आणि दारात धरायला एक दांडा." मग तो दाजींकडं वळला. "पण ओझं निम्मंच. अ‍ॅक्सल आणि चासीत आता फारसं अंतर उरणार नाही."

बेलार्मिनोनं मान खाली घातली. "लग्नात मी बोललो ते वाईट होतं."

"वाईट होतंच," ओनेसिमो म्हणाला. "तो दहाचा पाना द्या इकडं."

काम दोन दिवस चाललं. बेलार्मिनो दोन्ही दिवस तिथं होता. जुने बोल्ट गंजून बसलेले, ते सोडवताना दोघांची बोटं फुटली. चाकांची दिशा जुळवून झाली, तेव्हा ओनेसिमोनं त्याला चालवायला बसवलं आणि आपण शेजारी बसून रस्ताभर कान लावून ऐकत राहिला.

पुढच्या गुरुवारी एलोइसा दांडा धरून एका दमात आत चढली. रानाच्या वाटेवर दोनदा खालून दगड घासला. बेलार्मिनोनं दात आवळले.

"हळू चालव," ती म्हणाली.

"हळूच चालवतोय."

"याला हळू म्हणतात?"

अर्धी गाडी भरली आणि तो थांबला. ती दार उघडं टाकून बसली होती, मांडीवर तॉर्तियात गुंडाळलेला बटाट्याचा बुरितो. तिनं मोडून अर्धा त्याला दिला.

"आता दोन खेपा कराव्या लागणार," तो म्हणाला.

"मग उद्या पुन्हा येऊ," ती म्हणाली, आणि सरकून त्याला बसायला जागा केली.