रंभेच्या कानातला बिल्ला

देवराव बोरकरांनी आयुष्यात दोनच कामं मन लावून केली. चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये, रेल मिलमध्ये, रुळांवर नंबर लिहिले, आणि रिटायर झाल्यावर गाई-म्हशी रंगवायला घेतल्या. पहिल्या कामानं घर चाललं आणि दुसऱ्यानं घर रंगलं. अगदी खरोखर रंगलं, कारण लेकीनं, नूतननं, रायपूरहून पाठवलेला ॲक्रेलिकचा डबा उघडल्यापासून खुर्ची, उंबरठा, दाराची कडी, काही म्हणून सुटलं नव्हतं. हा रंग एकदा वाळला की साबणाला दाद देत नाही, हे त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, तीन लुगडी गेल्यावर कळलं. मग कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली त्यांनी चिडून एका डागावर ओतली, तर डाग सुटला. हा शोध त्यांनी नवऱ्याला मोठ्या तोऱ्यात सांगितला आणि नवऱ्यानं तो पालथ्या घड्यावर घेतला.

देवराव फोटो बघून चित्र काढत नसत. घडीचं स्टूल, बोर्ड आणि रंगाची पिशवी घेऊन ते कॅम्प-१ या आपल्या कामगारवस्तीच्या गल्ल्यांतून फिरत, कधी सायकल मारत जामुलच्या पलीकडच्या शेतांपर्यंत जात, आणि समोर जे दिसेल ते उतरवत. गुडघ्याला वाळलेला चिखल असला तर चिखल, कासेला गोचीड असली तर गोचीड. गल्लीत त्यांना सगळे आर्टिस्ट म्हणायचे. वासरात लंगडी गाय शहाणी, असं ते स्वतःच म्हणायचे आणि खूश व्हायचे.

पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मिलमध्ये एक आकडा चुकला की अख्खा रूळ बाजूला पडायचा, आणि देवरावांच्या हातून चौतीस वर्षांत एकही पडला नव्हता. त्यामुळे नंबर दिसला की त्यांचा हात तो जसाच्या तसा उतरवायचाच. चित्रात ट्रॅक्टर असला तर त्याचा नंबर वाचता यायचा. गाईच्या कानात सरकारी पिवळा बिल्ला असला तर त्याचे बाराच्या बारा आकडे, सगळ्यांत बारीक ब्रशनं, श्वास रोखून. लक्षात मात्र एकही राहायचा नाही. हातानं लिहायचं आणि डोक्यानं सोडून द्यायचं, नाही तर मिलमध्ये माणूस वेडा झाला असता.

दोन गल्ल्या सोडून सिंधुताईचं घर. नवरा प्लांटमध्येच होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता घरात ती आणि दारात रंभा. रंभा म्हणजे तपकिरी गाय, कपाळावर पांढरी चंद्रकोर, डावं शिंग आत वळलेलं. देवराव त्या अंगणात चार सकाळी बसले आणि रंभा काढली. बैठक मारून रवंथ करणारी, कान अर्धा वळवलेली, कानात बिल्ला. आपल्याला यापेक्षा चांगलं काही जमणार नाही हे त्यांना चित्र संपतानाच कळलं. त्यांनी त्यावर व्हार्निश मारलं आणि दोन दिवस नुसते बघत बसले.

तेव्हाच नंदिनी रोडवर गौरव नावाच्या तरुणानं नवं रेस्टॉरंट काढलं होतं. आत सगळं गाव: कंदील, बैलगाडीचं चाक, भिंतीला सूप. रंभेचं चित्र त्याला फार आवडलं. फक्त एक अडचण होती.

"अंकल, ये पीला टैग हटा दीजिए ना. गांव में टैग-वैग कहां होता है?"

या गृहस्थानं गाव पाहिलं होतं ते बसच्या खिडकीतून. देवरावांनी नाही म्हणायला हवं होतं. पण आपलं चित्र पहिल्यांदाच चार लोक बघतील अशा भिंतीवर लागणार, या हौसेपुढं त्यांची जीभ उचलली नाही. व्हार्निश झालंय, वरून दिलेला रंग नीट धरणार नाही, एवढं पुटपुटून त्यांनी तपकिरी रंग कालवला आणि बिल्ला बुजवला.

सिंधुताईनं ते पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"कानातलं काढून घेतलं का जी तिचं? भरल्या घरच्या बाईचे कान असे उघडे ठेवतात का भाऊ?"

देवराव हसले. घरी आल्यावर मात्र जेवण गोड लागलं नाही.

याला दीड वर्ष झालं. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी अन्नपूर्णाबाई पूजेची तयारी करत होत्या, तर सिंधुताई अनवाणी धावत आली.

"भाऊ, माह्या रंभीले नेलं जी. गाडीत टाकून नेलं."

कॅम्पातल्या गाई सकाळी दूध देऊन गावभर फिरतात आणि संध्याकाळी आपापल्या दारी येतात. मध्येच मोकाट जनावरांची गाडी आली तर त्यात जातात. मग कांजीहाउसात जायचं, म्हणजे आपल्या भाषेत कोंडवाड्यात, बिल्ल्याचा नंबर दाखवायचा, दंड भरायचा आणि गाय घेऊन यायची. यात रडण्यासारखं काही नसतं. पण आठ दिवसांपूर्वी रंभेनं काटेरी तारेत कान अडकवून हिसका दिला होता. कान फाटला, बिल्ला कुठं पडला ते कळलं नाही. जखम भरली की डॉक्टर नवा बिल्ला मारणार होते. जुन्या नंबरचा कागद ट्रंकेत होता, तो वाळवीनं खाल्ला होता. आणि रंभेचे दिवस भरत आले होते.

"चला," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पूजा तशीच सोडली. लक्ष्मी थोडा वेळ थांबेल, म्हणाल्या.

कांजीहाउसचा बाबू राजकुमार वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. त्यानं कम्प्युटर उघडला आणि म्हणाला, "माताजी, नंबर बताइए, अभी छोड़ देता हूं."

नंबर नव्हता. सिंधुताई खुणा सांगू लागली. राजकुमारनं आवाराकडे बोट केलं. तिथं पाच तपकिरी गाई होत्या आणि तिघींच्या कपाळावर पांढरं होतं. मागच्याच महिन्यात कोणी तरी असंच रडून दुसऱ्याची गाय नेली होती आणि निस्तरावं यालाच लागलं होतं. मालकाचं नाव शोधून काय उपयोग, तो म्हणाला. नाव सापडेलही, पण ती गाय हीच हे कशावरून? बिनबिल्ल्याची सगळी जनावरं चार वाजता ट्रकनं पन्नास किलोमीटरवरच्या गोशाळेत जाणार होती.

तेवढ्यात भिंतीकडून रंभा हंबरली.

"पाहा, वळखलं तिनं मले," सिंधुताई म्हणाली.

"रंभाती तो सब हैं, माताजी."

"सब कैसे रंभा?" सिंधुताई त्याच्यावर कडाडली. "रंभा एकच हाये. हे पाह्य, ते."

राजकुमारला काही समजलं नाही. हिंदीत गाय हंबरते त्याला रंभाना म्हणतात, हे सिंधुताईला या घटकेला कोण समजावणार. देवरावांना एरवी हसू आलं असतं. ते ट्रककडे बघत होते. उंच फळ्या, आत उतरता पत्रा, आणि त्यात दिवस भरलेली गाय पन्नास किलोमीटर. ती वाटेतच व्याली तर?

ते पायरीवर बसले. नंबर त्यांनी लिहिला होता. स्वतःच्या हातानं, शून्य नंबरच्या ब्रशनं, बाराच्या बारा आकडे. आणि स्वतःच्याच हातानं तो गाडला होता. आता आठवू म्हटलं तरी पहिला आकडासुद्धा आठवेना.

"तो नंबर चित्रात हाये," ते बायकोला म्हणाले. "रंगाखाली."

"मंग काढा ना रंग."

"निघते का तो? ॲक्रेलिक हाये."

अन्नपूर्णाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की चौतीस वर्षं या माणसाला प्लांटनं ठेवून कसं घेतलं याचंच त्यांना नवल वाटावं. "लुगड्यावरचा सॅनिटायझरनं निघते, तर गाईच्या कानावरचा कावून नाई निघन? किती डाव सांगितलं तुमाले. आयकतच नाई."

व्हार्निश, देवरावांना आठवलं. बिल्ला व्हार्निशच्या खाली होता आणि तपकिरी रंग वर. वरचा नीट धरणार नाही हे त्यांनीच तर सांगितलं होतं. ते उठले.

रेस्टॉरंटात दुपारची गर्दी होती. रंभा बैलगाडीच्या चाकाशेजारी ऐटीत रवंथ करत होती. गौरवनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अंकल, पेंटिंग अब मेरी है. खराब हो गई तो?"

"खराब हुई तो नई बना दूंगा," देवराव म्हणाले. "गाय नई नहीं बना सकता मैं."

गौरवनं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या सिंधुताईकडे. तिच्या हातात रंभेचं रिकामं दावं होतं, सकाळपासून तसंच. त्यानं गल्ल्यावरची सॅनिटायझरची बाटली उचलली. इथंच पुसून बघू म्हणाला. देवरावांनी मान हलवली. इथं पुसलं तर बाबू म्हणेल आत्ताच लिहून आणलं. पुसायचं ते त्याच्या डोळ्यांदेखत. मग गौरवनं गाडी काढली आणि मागच्या सीटवर दोन बायकांच्या मध्ये चित्र उभं केलं.

तीन वाजून गेले होते. ट्रकचा ड्रायव्हर येऊन चहा पीत होता.

देवरावांनी चित्र राजकुमारच्या टेबलावर ठेवलं. त्यानं चित्र पाहिलं, उठून आवारात जाऊन आला, पुन्हा पाहिलं. चंद्रकोर तीच होती. आत वळलेलं शिंग तेच होतं. "है तो वही," तो हळूच म्हणाला, "पर नंबर?"

पुसायला फडकं नव्हतं. अन्नपूर्णाबाईंनी पदराचं टोक पुढं केलं. गुरुवारचं म्हणून नेसलेलं, बरं लुगडं होतं ते.

देवरावांनी टोक भिजवलं आणि कानावर टेकवलं. आधी काहीच झालं नाही. मग पदरावर तपकिरी उतरलं, आणखी उतरलं, आणि खालून पिवळ्या रंगाची कड दिसली. एक आकडा वर आला. दुसरा आला. देवराव थांबत होते, टोक बदलत होते, पुन्हा टेकवत होते. राजकुमार एकेक आकडा कीबोर्डवर दाबत होता. दहावा आला, अकरावा आला. तेवढ्यात बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, देवराव दचकले आणि हात जरा जोरात फिरला.

बारावा आकडा पदरावर निघून आला. चित्रात त्याच्या जागी पिवळा डाग राहिला.

चौतीस वर्षांत ज्या हातानं एक आकडा चुकवला नाही, त्यानं तो आज पुसून टाकला होता. देवराव मटकन खुर्चीवर बसले. सिंधुताईकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

"चाचा," राजकुमार म्हणाला, "उठिए. आखिरी एक ही तो गया है. शून्य से नौ, दसच तो हैं." मराठी ऐकून ऐकून तोही दसच म्हणाला होता. त्यानं खिडकीतून ड्रायव्हरला थांबायची खूण केली आणि शून्य टाकलं. असा नंबर नाही. एक टाकला. धमध्याकडच्या कुणाचा बैल. दोनला म्हैस निघाली. तीन नाही. चारला पाटणची गाय, पांढरी. पाच नाही, सहा नाही. सिंधुताईनं दाव्याचा पीळ मुठीत घट्ट धरला होता.

सात.

राजकुमारनं स्क्रीन वळवला आणि मोठ्यानं वाचलं. "सिंधुबाई. कैंप एक. गाय. ब्राउन, माथे पर सफेद."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सिंधुताई खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. सकाळपासून तिला रडायलाही सवड झाली नव्हती. देवरावांच्या डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. दंड गौरवनं भरला आणि कोणाला पाकीट काढू दिलं नाही. रंभेनं बाहेर येताच सिंधुताईला एक ढुशी दिली, उशीर केल्याबद्दल. दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही तर नुसती ढुशी.

पाचव्या दिवशी रंभा व्याली. कालवड झाली, आईसारखी तपकिरी.

चित्र देवरावांनी घरी आणलं, कान नीट केला आणि बारावा आकडा पुन्हा लिहिला. परत देताना बिल्ला पुन्हा बुजवायचा का, असं त्यांनी विचारलं, तर गौरव म्हणाला राहू द्या. रेस्टॉरंटात येणारा प्रत्येक जण आता आधी कानाचीच गोष्ट विचारतो. सिंधुताई त्या रेस्टॉरंटात पहिल्यांदाच आत गेली, चित्रासमोर उभी राहिली.

"आता कसा कान भरल्यावानी दिसते," ती म्हणाली.

अन्नपूर्णाबाईंच्या पदराच्या टोकावर तपकिरी, पिवळा आणि जरासा काळा डाग होता. बाटली घरात होती, पण त्यांनी तो काढला नाही.

डॉक्टर येऊन रंभेच्या चांगल्या कानात नवा बिल्ला मारून गेले, नवा नंबर. त्याच दुपारी देवराव मिलमधला जुना रुंद ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन सिंधुताईच्या दारी गेले. भिंतीवर बारा आकडे लिहिले, रुळावर लिहायचे तसे सरळ रेषेत, फक्त हात-हातभर उंच. गल्लीच्या टोकावरून वाचता येतात. भाजीवाल्याला पाठ झालेत, शाळेतली पोरं म्हणत म्हणत जातात. देवरावांनी जन्मात लाखभर नंबर लिहिले असतील आणि सगळे विसरले. हा एक मात्र त्यांना झोपेतून उठवून विचारा, ते घडाघडा म्हणून दाखवतात.