पूर्वेकडचं कपाट

प्रेमलता सबनीस यांनी नागपूरच्या कोर्टात तेहतीस वर्षं नोकरी केली आणि आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही कागदात चूक निघाली नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. ते खरंही होतं. कोर्टात सगळे त्यांना सबनीसबाई म्हणायचे आणि पोलीस ठाण्याचे नवे कारकून त्यांच्या टेबलापाशी यायला टरकायचे. पंचनाम्यात ‘उजवीकडे’, ‘डावीकडे’ असं कुणी लिहून आणलं, की बाई कागद तसाच परत सरकवायच्या. “कोणाच्या उजवीकडे? तुमच्या का चोराच्या? दिशा लिहा,” असं सुनवायच्या. बाईंचा तोरा होता, आणि तो त्यांना शोभायचा.

अशा बाईंच्या घरावर एका मंगळवारी सकाळी साडेअकराला पोलिसांची धाड पडली.

गॅसवर गोळाभाताची कढई होती. बाईंना आधी वाटलं, पत्ता चुकला असेल. फौजदार भूमिका मेश्राम नावाची तिशीची मुलगी होती, बोलायला अदबशीर. तिनं झडतीचा कागद दाखवला, दोन पंच पुढे केले. त्यातली एक तर शेजारची जयवंताच होती, ओट्यावर बसलेली पोलिसांना आयतीच सापडली होती. बाईंनी कागद नीट वाचला, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “या. चपला बाहेर काढून या.” पोलिसांनी खरोखरच चपला-बूट काढले.

बाईंचा एकुलता एक मुलगा गौरांग वरच्या खोलीत होता. वर्षभरापूर्वी त्याची नोकरी सुटली होती आणि त्यानं घरूनच अत्तराच्या बाटल्या विकायचा धंदा काढला होता. निदान बाईंना तसं सांगितलं होतं. दुपारी पोरं यायची, फाटकातच उभी राहून पुडकं घ्यायची. उन्हातान्हात आलेल्यांना बाईंनी कितीदा माठातलं पाणी दिलं होतं. अत्तर घ्यायला आलेली पोरं सारखी मागं वळून काहून बघतात, हे एकदा त्यांच्या मनात आलं होतं. पण सबनीसांच्या घरात वावगं काही असूच शकत नाही, या ताठ्यात त्यांनी तो विचार झटकून टाकला. बाईंची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती कुठल्याच कागदावर आली नाही.

वरच्या खोलीला दक्षिणेकडून दार. पूर्वेच्या भिंतीला गौरांगचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला सुनेचं. सून दिपाली सावनेरच्या शाळेत शिक्षिका होती, सकाळीच सातच्या बसनं गेलेली. पोलिसांना पूर्वेकडच्या कपाटात, गौरांगच्या क्रिकेटच्या पॅडांमागे एमडी या नशेच्या पावडरच्या पुड्या सापडल्या. त्या तिथंच मोजून वजन झालं. एवढा माल असेल तर शिक्षा दहा वर्षांच्या खाली येत नाही, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

पंचनामा लिहिणारा शिपाई दाराकडे तोंड करून पलंगावर बसला होता. त्यानं लिहिलं, ‘खोलीत प्रवेश केल्यावर डाव्या हाताच्या कपाटात’. स्वतःचा डावा हात बघून लिहिलं बिचाऱ्यानं. भूमिका तेव्हा दारात पुड्यांना लाख लावून घेत होती. तिनं तो कागद उचलून वाचला आणि दारातून आत बघत विचारलं, “डाव्या हाताचं कपाट कोण वापरतं?”

गौरांगनं कागदाकडे पाहिलं, शिपायाकडे पाहिलं. एका क्षणात सगळं त्याच्या लक्षात आलं.

“ते दिपालीचं आहे,” तो म्हणाला. “माझ्या बायकोचं.”

शब्द खरा होता. दारातून आत बघितलं तर डावीकडचं कपाट दिपालीचंच होतं; माल मात्र उजवीकडच्या, पूर्वेच्या कपाटात सापडला होता.

“गौरांग, काय बोलून राहिला तू?”

तो जवळ आला, हळूच म्हणाला, “आई, गप राह्य. घोळ राहू दे. घोळ असला का कोर्टात कोणाचंच सिद्ध होत नाही. दोघंही सुटू.”

हे तो आईकडूनच शिकला होता. जेवताना बाई कोर्टातले किस्से सांगायच्या, कुठली केस कुठल्या कागदापायी पडली ते हसून सांगायच्या. आता त्याच किस्स्यांचा हिशेब मांडून पोरगा बायकोला पणाला लावत होता. घोळ सुटायला तीन-चार वर्षं लागतात. या कायद्यात एवढ्या मालावर जामीन सहजी होत नाही. तोवर सावनेरच्या शाळेत मुलांना पाढे शिकवणारी दिपाली आत राहणार, तिची नोकरी जाणार, आणि सुटली तरी तिला कोण वर्गात उभं करणार? आणि बोललं, तर पोटचा गोळा दहा वर्षांसाठी जाणार. कपाळाला हात लावून बसावं असं वाटलं त्यांना. पण बसल्या नाहीत.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “हा पंचनामा चुकला आहे. माल पूर्वेच्या भिंतीच्या कपाटात सापडला. ते माझ्या मुलाचं कपाट आहे. पश्चिमेचं सुनेचं. तिच्या कपाटाले तुम्ही अजून हातही लावला नाही. पंचांना विचारा.”

जयवंतानं मान खाली घालून “हो” म्हटलं. भूमिकानं शिपायाला उठवून दारात उभं केलं, मग तो वरमला. ओळ खोडली गेली, बाजूला सह्या झाल्या. गौरांग आईकडे बघत राहिला, मग त्यानं बघणंच सोडलं. त्याला घेऊन गाडी गेल्यावर बाईंनी कढईतला भात झाकून ठेवला. जेवायला घरात कुणीच नव्हतं.

दिपाली संध्याकाळी आली तेव्हा जयवंतानं तिला फाटकातच गाठून सगळं सांगितलं होतं. ती आत आली, बाईंच्या पायाशी बसली आणि हमसून हमसून रडली. तिचे वडील न्यायला आले दुसऱ्या दिवशी. ती गेली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. घर बाईंच्या नावावर, आणि ज्याच्या घरात माल विकला जातो त्या मालकाला ठाऊक असेल, तर तोही तेवढाच गुन्हेगार, असा कायदा. बाईंना चार वेळा ठाण्यावर बोलावलं. पोरांना पाणी दिल्याचंही त्यांनी स्वतःहून सांगितलं. घर नशेच्या पैशातलं नाही हे दाखवायला तीस वर्षांपूर्वीचे कागद काढले. सगळे जागच्या जागी होते, अर्थातच. शेवटी बाईंवर खटला भरला नाही आणि घर वाचलं. आरोपपत्रात नाव राहिलं एकट्या गौरांगचं. बाई साक्षीदार झाल्या, सरकारच्या बाजूच्या.

तीन वर्षांनी साक्षीची तारीख लागली. गौरांगचे वकील विश्वनाथ घरी आले. उमेदवारीत ते बाईंची बोलणी खात शिकलेले.

“बाई, शिपायाची साक्ष डळमळली, फौजदारबाईंच्या साक्षीला ती खोडलेली ओळ आडवी आली. एक पंच आता हयात नाही, जयवंताबाई म्हणतात मला डावं-उजवं कळत नाही. आता सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही एवढंच म्हणा, नीट आठवत नाही. पोरगा घरी येईल.”

कोर्टात जाताना ऑटोत दिपालीच म्हणाली, “आई, तुम्ही आठवत नाही म्हणालात तरी चालेल. माझ्याकडे बोट आलं तर येऊ दे. मी तुम्हाला शब्दानं बोलणार नाही.”

“नाही बोलणार वं तू,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर मले बोलणं भाग आहे.”

ज्या कोर्टात बाईंनी हजारोंना शपथ दिली, तिथं त्यांनी शपथ घेतली. पिंजऱ्यात गौरांग उभा होता. वाळला होता, केस विरळ झाले होते. सरकारी वकिलांनी विचारलं, माल कुठं सापडला?

“पूर्वेच्या भिंतीच्या कपाटात.”

“कोणाचं कपाट?”

बाईंनी पिंजऱ्याकडे पाहिलं. “माझ्या मुलाचं. गौरांगचं.”

विश्वनाथ उलटतपासाला उठले. चेहऱ्यावरूनच दिसत होतं की हे काम त्यांना नको होतं, पण अशिलासाठी करणं भाग होतं.

“तुमचं वय सदुसष्ट. त्या दिवशी तुम्ही घाबरल्या होतात, गोंधळल्या होतात.”

“मी गोंधळत नाही,” बाई म्हणाल्या. मागच्या बाकावर एकदोघं हसले.

“मी असं म्हणतो, की सुनेला वाचवायला तुम्ही तेव्हा खोटं सांगितलंत आणि आज शपथेवरही खोटं—”

“वकीलसाहेब, थांबा.”

आवाज पिंजऱ्यातून आला. गौरांग कठड्याला घट्ट धरून उभा होता.

“माझी आई खोटं बोलून नाही राहिली. कपाट माझं होतं, माल माझा होता. त्या दिवशी बायकोचं नाव मी घेतलं. तिले काहीच माहीत नव्हतं, आईलेही नव्हतं. आईले खोटं पाडून मले सुटायचं नाही.”

न्यायाधीशांनी त्याला समज दिली. याचा परिणाम काय होईल ते कळतं का, वकिलांशी बोलून घे, म्हणाले.

“कळते, साहेब. तीन वर्षं दुसरा काय विचार केला?” आणि तो पहिल्यांदाच दिपालीकडे वळला. तिनं मान खाली घातली नाही.

विश्वनाथ कागद मिटून म्हणाले, “पुढे उलटतपास नाही.”

बाई खाली उतरल्या. दहा वर्षं. तो सुटेल तेव्हा आपण असू की नसू, हा हिशेब त्यांनी मनात केला आणि पदर तोंडाला लावला. तरीही त्यांच्या आत काहीतरी ताठ उभं राहत होतं, जे त्या मंगळवारी मोडलं होतं.

बाहेर वऱ्हांड्यात गौरांगला नेत होते. बाई पुढे झाल्या तसा नवा शिपाई आडवा आला. “आजी, मागं व्हा. आरोपी कोण लागतो तुमचा?”

भेटीला गेल्यावर जेलच्या फाटकावर गेली तीन वर्षं हाच प्रश्न यायचा आणि बाई खाली बघून पुटपुटायच्या. आज त्यांनी पदर सोडला, मान वर केली आणि साऱ्या वऱ्हांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

“मुलगा आहे माझा. गौरांग सबनीस.”