मागच्या सीटची हवा

मेकॅनिकनं वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली आणि डॅशबोर्डवरच्या एसीच्या जाळीपुढे धरली. पट्टी अशी फडफडली की बोटांतून निसटायचीच राहिली. मग त्यानं मागचं दार उघडलं, तिथं बसलेल्या वडिलांच्या गुडघ्यांशी वाकला आणि पुढच्या दोन सीटांच्या मधल्या जाळीसमोर तीच पट्टी धरली. पट्टी ढिम्म हलली नाही.

“पुढे वादळ आणि मागे शुकशुकाट,” तो म्हणाला. “कधीपासून आहे हे?”

“वर्ष होईल,” लेक म्हणाली. “दोन गॅरेज झाली. एकानं फिल्टर बदलला, एकानं गॅस भरला. वर म्हणाला, या गाड्यांचं मागे असंच असतं.”

“मागे बसून कुणी पाहिलं?”

कुणीच पाहिलं नव्हतं. साप समजून भुई धोपटायची, तीही पुढच्या सीटवर आरामात बसून, असा सगळा प्रकार झाला होता. गॅरेजला जा म्हणून फोनवरून तीच आईच्या मागे लागायची, आणि आई निमूटपणे जाऊन यायची.

आत्ता आई गॅरेजच्या पत्र्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पर्स ठेवून बसली होती. वडिलांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि त्रेसष्टाव्या वर्षी ती गाडी शिकली. उभ्या जन्मात त्यांनी तिला स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. आता आठवड्यातून दोनदा ती त्यांना व्यायामाला नेते, तासभर जायला, तासभर यायला. नातेवाइकांना तिचं किती कौतुक करू नि किती नको असं झालं होतं. आठ दिवसांसाठी आलेल्या लेकीनं मात्र या खेपेलाही पहिल्याच दिवशी वडिलांच्या पाठीला चिकटलेला ओलाचिंब शर्ट पाहिला होता. काच उघडली की त्यांना धुळीनं खोकला येतो, असं आईचं म्हणणं. मागच्या काचांचं बटणही तिच्याच हाताशी.

मेकॅनिकनं डॅशबोर्डचा कप्पा काढून फिल्टर बाहेर ओढला. नवाकोरा होता. ब्लोअरला कान लावला, मान डोलावली. मग परत मागे येऊन त्यानं मधल्या जाळीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“ही बऱ्याचदा निघालेली आहे,” तो म्हणाला.

जाळी दोन बोटांत सुटली. त्यानं आत चिमटा घातला, जरा झटापट केली आणि कापडाची एक घट्ट गुंडाळी बाहेर काढून सीटवर ठेवली. मागोमाग दुसरी.

“उंदीर का हो?” लेकीनं विचारलं.

“उंदीर दोऱ्याची गाठ मारत नाही, ताई.”

तिनं गाठ सोडली. पांढऱ्या शर्टाची बाही होती, कफ आणि बटणासकट. वडिलांच्या ऑफिसच्या शर्टाची. हे शर्ट आई रोज सकाळी इस्त्री करायची, आणि कफला सुरकुती दिसली तर ते तिच्या तोंडावर परत यायचे.

“आई, हे कुणी घातलं आत?”

“मी.”

मेकॅनिक शहाणा माणूस होता. पाना शोधायला म्हणून तो गॅरेजच्या पार मागच्या टोकाला निघून गेला.

“जुन्या गाडीला मागच्या काचांची हँडलं होती का गं?” आईनं विचारलं.

नव्हती. वाऱ्यानं केस विस्कटतात म्हणून वडिलांनी ती काढून पुढच्या कप्प्यात टाकली होती. मागे आई आणि ती, उन्हाळ्यात, बंद काचांआड, तोंडाशी पिशवी धरून. ओकायचं तेही आवाज न करता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. क्षणभर लेकीला आईचं बरोबर वाटलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

“आता ते आजारी आहेत, आई.”

“म्हणून तर घास भरवते. पुसते. रात्रीतून तीनदा कूस बदलून देते. दोन तास घाम आला तर काय बिघडलं? मला वीस वर्षं आला.”

लेक वडिलांपुढे उकिडवी बसली. डाव्या हाताची मूठ मिटली की हो, असं ठरलेलं होतं.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

मूठ मिटली.

“मग व्हिडिओ कॉलवर रोज विचारत होते, त्रास आहे का, तेव्हा का नाही सांगितलंत?”

“त्यांच्यापुढे फोन कोण धरतं?” खुर्चीतून आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आणि चमचा कोण धरतं? ते तुझ्यापेक्षा त्यांना चांगलं कळतं.”

“मी घेऊन जाईन त्यांना.”

“ने ना. आत्ताच ने. बसलेतच गाडीत.”

लेकीच्या डोळ्यांपुढे तिच्या दोन खोल्या आल्या, लिफ्ट नसलेले चार मजले आले, नवऱ्याचं तोंड आलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. आई पर्समधून बाटली काढून पाणी प्यायली.

“तुझी उद्याची गाडी किती वाजता आहे?” तिनं विचारलं.

उघड्या भोकातून आता गार हवा भसाभस येत होती. वडिलांच्या पायजम्याचं कापड गुडघ्यावर थरथरत होतं. कपाळावरचा घाम वाळत आला होता. त्यांनी डोळे मिटले आणि दोन-तीन श्वास अगदी पोटापर्यंत घेतले.

मग डोळे उघडून त्यांनी आईकडे पाहिलं. डावा हात सीटवर चाचपडला, त्याला न सोडलेली गुंडाळी सापडली. त्यांनी ती भोकाशी नेली, ती पडली. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि मूठ मिटली. एकदा, पुन्हा एकदा.

“नको, बाबा.”

मूठ मिटलेलीच राहिली.

लेकीनं सोडलेली बाही पुन्हा गुंडाळली, दोरा बांधला. दोन्ही गुंडाळ्या एकेक करून आत सरकवल्या. हवा थांबली. वडिलांचे खांदे सैल पडले.

आई उठून जवळ आली आणि लेकीच्या खांद्यावरून वाकून तिनं आत पाहिलं.

“अजून जरा आत,” ती म्हणाली. “नाहीतर जाळी बसत नाही.”