मस्टँगच्या पाठीवरचे झाकण

भीमसेनदादांच्या १९६६ सालच्या फोर्ड मस्टँग गाडीत वर्षातून एकाच दिवशी पेट्रोलचा वास येतो, आणि तो दिवस बुद्धपौर्णिमेचा असतो. तारीख दरवर्षी बदलते, वास चुकत नाही.

दादा नेदरलँड्समधल्या लायडस्खेनडामला माझ्या शेजारी राहतात. ही गाडी त्यांनी वयाच्या नवव्या वर्षी नागपुरात एका कॅलेंडरवर पाहिली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी घेतली. मधल्या काळात त्यांचे मत बदलले नाही. बुद्धपौर्णिमेला ते आणि ललितावहिनी आर्नहेमच्या कार्यक्रमाला जातात; वहिनींच्या हातची वीस लिटर खीर सोबत असते. यंदा सलग तिसऱ्या वर्षी वास आला आणि या वेळी तो खिरीलाही लागला. ऐंशी माणसांनी वाट्या तशाच खाली ठेवल्या. मी शास्त्रीय कारणास्तव एक चमचा चाखला. लोकांचे बरोबर होते.

वहिनींनी त्याच दिवशी निर्णय दिला. "खिरीचं सोडा, पण नातीला, तेजलला, घेऊन मी या गाडीत बसणार नाही. कारण सापडत नसेल तर गाडी विका."

हे म्हणणे बिनतोड होते. दादांनी जाहिरात दिली. मास्ट्रिख्टचा एक गृहस्थ पुढच्या रविवारी अकरा वाजता गाडी न्यायला येणार होता.

मी उपकरणे तपासण्याचे काम करतो. तीन वर्षांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. उष्णता? ऑगस्टमध्ये याहून गरम दिवशी गाडी दूरवर जाऊन आली होती, वास नाही. काठोकाठ भरलेली टाकी? करून पाहिले, वास नाही. आर्नहेमचा रस्ता? धम्मचक्र प्रवर्तन दिनी त्याच रस्त्याने पुरी-भाजीचे डबे गेले, वास नाही. गॅरेजवाल्याने तीनदा तपासून गाडी निर्दोष ठरवली. वास आला की दादा स्वतःही गाडी कडेला घेत, खीर वाचावी म्हणून आधी पातेले बाहेर काढत आणि मग शोध घेत. शोध सुरू होईपर्यंत वास ओसरलेला असे.

"लिंबू-मिरची बांधून बघ," आमचा पुण्याचा मित्र मनोहर म्हणाला.

"बावीस प्रतिज्ञा घेतल्यात रे आम्ही," दादा म्हणाले. "त्यात लिंबू बसत नाही."

शनिवारी गावाबाहेरच्या मैदानावर मस्टँगवाल्यांचा मेळावा होता. दादांना गाडी एकदा शेवटची मिरवायची होती. आयोजकांनी सातही पिढ्या एका रांगेत लावल्या होत्या आणि पहिल्या जागी दादांची लाल गाडी होती. दादा प्रत्येक गाडीपाशी थांबून आम्हाला वंशावळ सांगत होते.

"ही चौऱ्याहत्तरची, दुसरी पिढी. एकदम आखूड झाली."

"अहो, धुतल्यावर आटली वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"तिसरी, एकोणऐंशीची. चौकोनी."

"हिला इस्त्री जास्त झाली."

चौथी पुन्हा गोलसर होती. पाचवी, २००५ची, थेट पहिलीची नक्कल करत होती. तिच्या पाठीवर दिव्यांच्या मधोमध तसेच गोल झाकण होते. वहिनींनी ते सहज फिरवून पाहिले. हलले नाही. त्यांनी जोर लावला.

"ते उघडत नाही हो," गाडीचा डच मालक हसत इंग्रजीत म्हणाला. "नुसता बिल्ला आहे. पेट्रोल बाजूने भरतात."

"मग ठेवलंय कशाला?"

मी खुलासा केला: पहिल्या पिढीत पेट्रोल खरोखर तिथूनच भरत, दुसरीपासून तोंड बाजूला गेले, पाचवीत जुन्याची आठवण म्हणून बिल्ला आला. माणसाच्या माकडहाडासारखे, काम गेले, खूण राहिली.

"म्हणजे आपल्या गाडीत ते खरंच उघडतं."

"हो."

"आणि तिथून पेट्रोल कुठे जातं?"

"खाली टाकीत."

"मधे काय आहे?"

"डिकी," मी म्हणालो, आणि थांबलो.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "अश्वजित, डिकीत मागच्या बाजूला एक जाड पाइप आहे. पातेलं घसरू नये म्हणून मी ते ओढणीने त्यालाच आवळून बांधते."

दादांनी डोक्याला हात लावला. "ललिता! तो पेट्रोलचा पाइप आहे!"

"मला काय माहीत! इतका भक्कम दिसतो. आणि दरवर्षी पातेलं सोडून बाहेर कोण काढतं? तुम्ही! बघितलं नाहीत कधी, कशाला बांधलंय ते?"

दादा हसत सुटले, मग वहिनीही.

एका निरीक्षणावर मी निष्कर्ष काढत नाही. घरून पातेले आणले, वीस लिटर पाणी भरले, ओढणीने बांधले. चार किलोमीटरवर वास आला. ओढणी सोडली, वास गेला. हे तीनदा केले.

"आता चौथ्यांदा खीर घालून करायचं का?" वहिनींनी विचारले.

"वैज्ञानिकदृष्ट्या गरज नाही," मी म्हणालो. "पण माझा विरोधही नाही."

पाइप टाकीला जोडणारी रबरी नळी बदलायला पाऊण तास लागला. दादांनी मास्ट्रिख्टला फोन करून दिलगिरी व्यक्त केली. इतक्या आनंदाने दिलगिरी व्यक्त करताना मी कोणाला ऐकलेले नाही.

कारण असे. या पिढीच्या मस्टँगमध्ये पेट्रोल भरण्याची नळी मागच्या झाकणापासून टाकीपर्यंत डिकीतून उघडीच जाते आणि टाकीला रबरी नळीच्या तुकड्याने जोडलेली असते. वीस लिटरचे पातेले तिला बांधले, की प्रत्येक वळणावर ती ओढली जाई, रबराच्या कडेला फट पडे आणि पेट्रोलची वाफ डिकीत सुटे. डिकी आणि मागची सीट यांच्यात फक्त पुठ्ठा असल्याने ती आत येई. पातेले सोडले की रबर जागेवर बसे आणि फट मिटे. एवढे मोठे पातेले वर्षातून एकदाच, बुद्धपौर्णिमेला, डिकीत जात असे.